भावजींच्या पदवीला गेले, ती गेलेच

कोरेगावच्या स्टेशनावर आत्याबाई मला पोचवायला आल्या होत्या. सासू सुनेला पोचवायला स्टेशनापर्यंत येते, हे तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. आमच्या गुऱ्हाळाची पाळी चालू, रसाच्या काहिलीखाली जाळ पेटलेला, मळ्यात माणसं ऊस तोडतायत, आणि ही बाई सगळं टाकून बैलगाडीत माझ्या शेजारी येऊन बसली. आगगाडी आली तेव्हा बरोबर दोन पुरुषमाणसं असताना माझी ट्रंक त्यांनी स्वतः उचलून डब्यात सरकवली, माझा पदर डोक्यावर नीट ओढला आणि म्हणाल्या, "जा."

"जाऊन ये" म्हणायचं सोडून नुसतं "जा". मी खिडकीतून बघत राहिले. त्या वळून बघतील म्हणून बराच वेळ वाट पाहिली, पण त्या पाठ फिरवून बैलांकडे चालू लागल्या होत्या.

गावात अजून जे आहेत आणि माझ्यासारखे जे उठून गेले, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. माझ्याबद्दल गावात दोन गोष्टी सांगतात. सुंदराबाई शिकायला गेली ही एक, आणि सुंदरी पळून गेली ही दुसरी. पहिली सांगणारे मला शाळेच्या समारंभाला बोलावतात, दुसरी सांगणारे माझ्याकडे चहा पिऊन जातात. खरं काय ते दोघांनाही ठाऊक नाही.

मी मूळची पलूसची. कोरेगावापासून चालत जाता येईल अशा एका गावात दिली. मालक पलटणीत होते, तसे आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत असायचंच. मामंजी स्वतः हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. लग्न झालं, मालक एकदा रजेवर येऊन गेले, आणि पुढे लढाई लागली ती सिंगापूरकडची. तिकडं सगळी पलटण दुश्मनाच्या हाती सापडली म्हणतात. सरकारकडून कळलं ते एवढंच, की माणूस बेपत्ता. आता बेपत्ता माणसाची बायको म्हणजे कोण, हे कुणी सरकारला विचारलं नाही. मी कुंकू लावत होते, मंगळसूत्र घालत होते, आणि हळदीकुंकवाला गेले की बायका माझ्यापर्यंत आल्यावर जरा थांबत होत्या. त्या थांबण्याची मला इतकी चीड यायची, की शेवटी मी जायचंच सोडलं.

लढाई संपली. माणसं परत येऊ लागली. शेजारच्या गावातला एक आला, कराडकडचे दोघं आले. दर खेपेला गावात कुणी आलं म्हटलं की मी भाकरी तव्यावर टाकून दारात जायची, आणि भाकरी करपायची. आत्याबाई रागवायच्या नाहीत. करपलेली भाकरी त्या स्वतःच्या ताटात घ्यायच्या.

अशात धाकटे दीर, शंकरभावजी, सांगलीच्या कॉलेजातून बीए झाले. आमच्या भावकीतला पहिला बीए. पदव्यांचा मोठा सोहळा मुंबईला व्हायचा, पण सगळ्यांना मुंबई कुठून जमणार, म्हणून कॉलेजनं आपल्या मुलांचा समारंभ सांगलीतच ठेवला होता. घरची माणसं आणा, असं भावजींना सांगितलेलं. ते त्यांनी घरी सांगितलं, आणि आमच्या घरानं त्या समारंभाचं लग्न करून टाकलं.

लग्न म्हणजे अगदी लग्नच. आत्याबाईंनी लाडू वळायला घेतले. मामंजींनी पलटणीचा कोट काढून उन्हात टाकला आणि बिल्ले चिंचेनं घासले. भावजी सांगत होते की तिथं एक काळा झगा घालायचा, नाव पुकारलं की पुढं जायचं, कागद घ्यायचा आणि परत यायचं. आत्याबाईंना ते पटेना. "एवढं शिकलास आन् अक्षता न्हाईत, वाजाप न्हाई? काळा झगा कसला रं, शुभाच्या दिशी?" भावजी हसून म्हणाले, "आई, हळद तेवढी लावू नगंस." त्यावर मामंजींनी त्यांना अंगणात उभं केलं आणि पुढं कसं जायचं, कागद घेताना पाय कसे जुळवायचे, मागं कसं वळायचं, याची परेड घेतली. मी चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होते. किती दिवसांनी हसले होते, ते मलाच आठवेना.

पण त्या हसण्यातही काहीतरी बिनसलेलं होतं. मामंजींना मी रोज पेपर वाचून दाखवायची. चौथीपर्यंत मी पलूसलाच शिकले होते, पुढचं वाचायला भावजींनी सुट्टीत शिकवलं होतं. लाडू वळायला घेतले त्याच सुमाराला मामंजी कोरेगावच्या बाजाराला गेले, आणि आल्यापासून म्हणू लागले, "ऱ्हाऊ दे पेपर." आत्याबाई मला कुणाशी एकटीला बोलू देईनात. पाणवठ्यावर निघाले की मागोमाग घागर घेऊन हजर. माझ्या ताटात तूप जास्त पडू लागलं. सुनेच्या ताटात तूप जास्त पडलं की सुनेनं सावध व्हावं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

लग्न म्हटल्यावर कासार आलाच. समारंभाच्या आधी घरातल्या आणि भावकीतल्या बायकांना बांगड्या भरायच्या, असं आत्याबाईंनी ठरवलं. कासारमामा अंगणात पेटी उघडून बसले, बायका भोवती जमल्या. एकेकीचा हात धरायचा, दाबून मऊ करायचा, काकणं चढवायची. भरून झालं की बाई पदर धरून बांगड्यांना नमस्कार करून उठायची. मी मुद्दाम मागं भिंतीला टेकून होते. मला माहीत होतं, माझी पाळी आली की काय ते ठरणार. हिरवा चुडा भरला तर मी सवाष्ण. नाही भरला तर त्याच अंगणात, साऱ्या भावकीसमोर, माझा नवरा मेला.

भागाकाकींनी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंनी, माझ्याकडे न बघताच विषय काढला. "शंकरला ववाळायचं कुनी, त्ये आदी ठरवा. सुंदरीचं मन दुखवायचं म्हून न्हाई म्हनत मी, पर नवऱ्याचा ठावठिकाना न्हाई. पोराचं शुभ हाय. भावकीत सवाशिनी का कमी हायत?"

कासारमामांनी हातातली काकणं खाली ठेवली आणि आत्याबाईंकडे पाहिलं. "धाकल्या बाईंचं काय करायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी आत्याबाईंच्या तोंडाकडे बघत होते. त्यांची अडचण मला समजत होती, आणि समजत होती म्हणून तर जीव घाबरा झाला होता. माझा चुडा भरावा तर धाकट्या मुलाच्या शुभाला नाट लागेल अशी भीती. न भरावा तर थोरला मुलगा आपल्या तोंडानं मेला म्हणायचा. कुठल्या आईनं काय निवडावं? त्या मुळीच बोलणार नाहीत असं मला वाटलं. मी आत जायला वळलेच होते.

"भर," आत्याबाई म्हणाल्या. "हिरवाच भर. चांगला हातभर भर. आन् शंकरला तीच ववाळंल."

भागाकाकी उठून गेल्या. कासारमामांनी माझा हात धरला, पण मी मूठ सैल सोडेना, त्यांना चढवताना त्रास झाला आणि एक बांगडी पिचली. आत्याबाईंनी तुकडे गोळा केले आणि दुसरी भरायला लावली. स्वतःच्या हातात मात्र त्यांनी काही भरलं नाही. गुळाचं काम पडलंय, चिकट हातांनी कशाला, म्हणाल्या. मला ते तेव्हा खरं वाटलं.

त्यानंतर त्यांनी दुसरं ठरवलं. सांगलीला मामंजी जाणार, भावजी जाणार आणि मी जाणार. आत्याबाई नाही. गुऱ्हाळाची पाळी सोडता येत नाही, तोडलेला ऊस वाळतो, घरचं कुणीतरी हवंच. हे कारण बिनतोड होतं, पण पाळी बदलून घ्यायला भावकी होती. ज्या बाईनं मुलाच्या पदवीसाठी सगळी भावकी नटवली, ती स्वतः जात नाही? शिवाय माझी ट्रंक त्यांनी भरली. समारंभ एका दिवसाचा, आणि ट्रंकेत माझी सगळी लुगडी. जुनी, नवी, घरात नेसायचीसुद्धा. वर माझं माहेरचं तांब्याभांडं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. कोरेगावाहून सांगलीला जाणारी गाडी पलूसवरून जाते. हे मला माहेरी टाकणार. आत्याबाईंनी भावकीसमोर माझी बाजू राखली, आणि आता गाजावाजा न करता, शुभाच्या नावाखाली, मला वाटेत उतरवून देणार. चुडा भरून पाठवली म्हणजे कुणी नावंही ठेवायला नको.

निघायच्या सकाळी मी भावजींना ओवाळलं. माझं लक्ष सगळं ट्रंकेकडे, निरांजन दोनदा विझायला आलं. भावजी म्हणाले, "वैनी, सांगलीत तुमच्यासाठी एक गंमत हाय." मला वाटलं, ह्यांनाही माहीत आहे.

त्या प्रवासातलं मला कराड आठवत नाही, कृष्णा आठवत नाही. आठवतात ते माझे पाय. ट्रंकेवर घट्ट रोवून ठेवलेले. पलूसच्या जवळचं स्टेशन आलं. गाडी थांबली. प्लॅटफॉर्मवर माझा भाऊ असेल म्हणून मी बाहेर बघितलंच नाही, मामंजींकडे बघत राहिले. ते उठले. मी ट्रंकेची कडी घट्ट धरली. त्यांनी खिडकीतून पेरूवाल्याला हाक मारली, पेरू घेतले, सगळ्यात मोठा मला दिला आणि बसले. गाडी सुटली. मी पेरू हातात धरून रडायला लागले, तर भावजींना वाटलं माहेर मागं पडलं म्हणून रडतेय. त्यांनी मला पुढं माहेरी नेऊन आणीन म्हणून समजावलं.

सांगलीत समारंभ सकाळी होता. मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या. बायका फार नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यांच्या हातात माझ्याएवढा चुडा कुणाच्याच नव्हता. मी लाजले नाही. मुलं काळे झगे घालून रांगेनं बसली होती. भावजींचं नाव पुकारलं गेलं, आणि मामंजी ताडकन उठून सावधान उभे राहिले. कोटावरचे बिल्ले वाजले. मागचे लोक म्हणाले, "बाबा, बसा की खाली." ते बसेनात. भावजी पुढं गेले, कागद घेतला, शिकवल्याबरहुकूम पाय जुळवून वळले, टाळ्या वाजल्या, पुढचं नाव पुकारलं, त्याच्याही पुढचं, तरी मामंजी उभेच. मी बाही ओढली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा मिशांवर येत होतं. मला वाटलं, आनंदानं. मलाही भरून आलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या उजळ माथ्यानं कुठं बसले नव्हते. मनात मालकांना म्हणत होते, बघा, तुमच्या भावाची पदवी बघा, लवकर या.

दुपारी भावजींनी आम्हाला एका मास्तरीणबाईंच्या घरी नेलं. घरामागं एक खोली होती. झाडलेली, एक चूल, एक खाट, कोनाड्यात पाटी आणि पुस्तकं. भावजींचा चेहरा फुललेला. "वैनी, ही खोली तुमची. बाई तुमची फायनलची, म्हंजी सातवीच्या परीक्षेची, तयारी करून घेनार. पुढं ट्रेनिंगला जायाचं, मास्तरीण व्हायाचं. आईनंच सांगितलंय समदं. हीच ती गंमत."

ट्रंक खोलीत आणून ठेवलेलीच होती. मी तिच्याकडे बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मामंजींसमोर मी कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली.

"आवं मामंजी, टाकायचंच हुतं तर पलूसला टाकायचं. माझा भाऊ हाय तितं. हितं परमुलखात कशापायी? आन् ह्ये परत आले म्हंजी? त्येंनी मला कुटं हुडकायचं? त्ये घरी येतील, मी हितं खोलीत बसू?"

मामंजी खाटेवर बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्यो यायचा न्हाई, पोरी," ते म्हणाले.

बाजाराच्या दिवशी त्यांना पलटणीतून परतलेला एक जण भेटला होता. मालकांच्या बरोबर कैदेत होता. हगवणीनं गेले म्हणाला. त्यानंच आणखी दोघांच्या मदतीनं त्यांना माती दिली होती, त्यामुळं शंकेला जागा नव्हती. मामंजींनी घरी येऊन फक्त आत्याबाईंना सांगितलं. त्या दोघांनी ठरवलं की शंकरचा समारंभ होईतो हे तोंडातून काढायचं नाही. सुतक लागलं असतं तर कसला समारंभ आणि कसली पदवी.

भावजी भिंतीला धरून खाली बसले. ते रडले, मी रडले नाही. मला नुसता राग येत होता. लाडू वळले गेले, परेड झाली, मी तोंडाला पदर लावून हसले, आणि तेव्हा ह्या दोघांना माहीत होतं! माझ्या हातांत चुडा भरला तेव्हा आत्याबाईंना माहीत होतं. धाकट्याच्या शुभासाठी थोरल्याच्या रांडवेला नटवून ओवाळायला लावलं, असं मी मामंजींना बोलले. असल्या शब्दांत बोलले.

ते शांत होते. "येकट्या शंकरसाठी न्हाई," म्हणाले. "तुज्या सासूनं तुला निरोप दिलाय. त्यो तेवडा ऐक, मग काय बोलायचं त्ये बोल. ती म्हनली, सुंदरीला म्हनावं गावाला माघारी येऊ नगं. ही बातमी गावात कळली की बाया जमतील. भागा म्होरं आसंल. तिला अंगनात बसवतील, हात दगडावर धरतील, कुकू पुसतील. माझ्या आईचं तसं केल्यालं मी बघितलंय. सुंदरीचं करू द्यायची न्हाई. पर गावात ऱ्हाऊन मला त्यास्नी अडवनं व्हायचं न्हाई. म्हून तिला सवाशीन धाडली. तिचं काय करायचं त्ये तिचं ती करील, कुनाला हात लावू देऊ नगं, म्हनली."

संध्याकाळच्या गाडीनं मामंजी आणि भावजी परत गेले, कारण आता सुतक धरायचं होतं, दिवस करायचे होते. मी जाऊ शकले असते. सांगली ते कोरेगाव म्हणजे काही विलायत नव्हे. मला जावंसंही वाटत होतं, माझं माणूस गेलं होतं, घरच्या चार माणसांत ऊर बडवून रडावंसं वाटत होतं. पण रडायला जायचं तर ते दगडावरचे हात आलेच. मी गेले नाही. कुंकू मी माझ्या हातानं पुसलं. बांगड्या फोडल्या नाहीत, त्या कामात हळूहळू आपोआप गेल्या.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. फायनल दिली, ट्रेनिंग केलं, शाळेत लागले. पहिल्या दिवसांत सांगलीकर बायांचं ते नाकातलं बोलणं मला कळायचं नाही, आणि माझं 'हाय-न्हाई' ऐकून वर्गातल्या मुली हसायच्या. मग मी पण 'आहे-नाही' शिकले. आता रागावले की जुनं बाहेर येतं, तेव्हा सगळी स्टाफरूम गप्प बसते. आता ब्लॉकमध्ये राहते, गॅस आहे, नळ आहे. गावाकडची पोरं कॉलेजला आली की माझ्याकडे उतरतात.

पण आत्याबाईंचं सांगायचं राहिलं. त्या गुऱ्हाळ संपल्यावर आल्या, मामंजींबरोबर. मी दार उघडलं. त्यांनी आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"कुनी केलं ह्ये?"

"माजी मीच."

त्यांनी मान हलवली आणि आत येऊन भुईवर बसल्या. बराच वेळ खोली बघत होत्या. गावात त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. नंतर कळलं की सून पळवून लावली म्हणून भागाकाकींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, आणि एकदम हुंदका फुटला.

मामंजी मला नंतर म्हणाले, ही पहिल्यांदा रडली. बातमी आली तेव्हा घरात लाडू चालले होते, म्हणून रडता आलं नाही. समारंभ झाल्यावर गाव जमलं, पण ज्यांच्यापासून सुनेला लपवलं त्यांच्यासमोर रडायचं नाही, असा तिचा हट्ट. थोरल्याच्या नावानं तिनं अजून टिपूस काढलं नव्हतं. मी तरी कुठं काढलं होतं? आम्ही दोघी त्या खोलीत एकमेकींना धरून बसलो आणि रडलो. मास्तरीणबाई दारापर्यंत येऊन परत गेल्या.

लोक मला विचारतात, बाई, तुमचं घर कुठलं? मी कोरेगावाकडचं गाव सांगते, सवयीनं. गावातलं ते अंगण मी पुन्हा पाहिलं नाही, आत्याबाईंनी कधी ये म्हटलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. वर्षाला एकदा त्याच यायच्या, मरेपर्यंत आल्या. त्यामुळं घर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं उभी राहते ती सांगलीतली ती मागची खोली, तो दिवस. रडता रडता दुपार टळली, चूल थंडच होती, आणि आम्हा दोघींपैकी कुणाच्या ते लक्षातही नव्हतं. जन्मात चुलीपुढं न बसलेले मामंजी उठले, फुंकून फुंकून त्यांनी जाळ केला, तांदूळ धुतले, भात केला. तो खालून लागला होता आणि वरून कच्चा होता. त्यांनी तो दोन ताटल्यांत वाढला, एक बायकोपुढं ठेवली, एक माझ्यापुढं, आणि म्हणाले, "खावा दोगी. मी मागनं खातो."